स्वयंपाकघरातला मिस्सा

ऑक्टोबरातलं धुकं आमच्याकडे तळ्यावरून येतं आणि घरात शिरताना कुणाला विचारत नाही. त्या सकाळी ते किलगॅरिफांच्या जिन्यापर्यंत आलं होतं, निदान अट्राक्टाला तरी तसं वाटलं. नव्या रंगाचा वास, चुलीत जळणाऱ्या पीटच्या मातीचा धूर आणि धुकं यांच्या मधोमध ती पलंगावर पडून होती आणि शेजारच्या खोलीत तिचा नवरा मॅलकी घसा खाकरत होता. मॅलकीला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती जरा वेळ ऐकत राहिली. आज घरी मिस्सा आहे, घर भरणार आहे, तेव्हा तोही आला असेल तर त्यात नवल ते काय, असं तिला वाटलं. मग ती उठली आणि चष्मा शोधू लागली.

मिस्सा, म्हणजे एरवी देवळात होणारी उपासना, आमच्या वाडीत घराघरांतून फिरतो. एका घरी येऊन गेला की पुन्हा यायला नऊ-दहा वर्षं लागतात, आणि त्या एका सकाळीसाठी माणूस वर्षानुवर्षं टाळलेली कामं महिन्याभरात उरकतो. थोरल्या मुलाने, जार्लथने, गोठ्याचं दारसुद्धा रंगवलं होतं, फादर गोठ्यात डोकावणार नाहीत हे पक्कं ठाऊक असून. त्याची बायको बर्नी दोन दिवस शिड्यांवरच राहत होती. घरोघरचा मिस्सा नसता तर निम्मी वाडी केव्हाच कोसळली असती, असं शेजारची नोनी लव्हेल म्हणते, आणि नोनी सहसा खोटं बोलत नाही, फक्त जास्त बोलते.

अट्राक्टा एक्याऐंशी वर्षांची होती. पुढची पाळी आपल्याला बघायला मिळणार नाही हे तिला माहीत होतं आणि त्याचं तिला फारसं दुःखही नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. तिच्या तिन्ही मुलांनी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून, तिच्या डोळ्यांदेखत, एकदा ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घ्यावी.

मागणं केवढंसं! पण धाकटा मुलगा कोलमन डब्लिनच्या संसदेत खासदार होता आणि पुढच्या बुधवारी तिथे गर्भपाताच्या कायद्यावर मतदान होतं. मे महिन्यात सगळ्या देशाने कौल देऊन घटनेतली जुनी बंदी काढून टाकली होती. ही बंदी घटनेत यावी म्हणून त्र्याऐंशी साली, तेव्हा खासदार असलेल्या मॅलकीने सभा गाजवल्या होत्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून. आता बापाच्याच जागेवर निवडून आलेला मुलगा त्या बंदीच्या जागी नवा कायदा आणायला ‘हो’ म्हणणार, असं वर्तमानपत्रात आलं होतं. गेल्या रविवारी बिशपांचं म्हणणं सगळ्या देवळांत वाचून दाखवलं गेलं: अशा माणसाने ख्रिस्तप्रसादासाठी वेदीपाशी येण्याआधी आपल्या मनाला विचारावं. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. आमच्या देवळातल्या सगळ्या माना मात्र किलगॅरिफांच्या बाकाकडे वळल्या होत्या.

“आई, टेबल इकडे की खिडकीपाशी?” जार्लथने विचारलं. टेबलाचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं बर्नीच्या.

“खिडकीपाशी. तुझ्या बाबांच्या वेळी तिथेच होतं.”

“फादरचा फोन आला होता सकाळी. किती जण घेणार, विचारत होते.”

घरी पवित्र भाकर मागे ठेवायची सोय नसते. म्हणून जितके घेणारे तितक्याच पांढऱ्या चकत्या फादर ताटलीत ठेवतात, आणि तो आकडा घरच्या बाईने सांगायचा ही आमच्या वाडीची रीत.

“मी सांगेन त्यांना,” अट्राक्टा म्हणाली.

“कोलमनला धरून की सोडून?”

“तू आधी टेबल धर नीट.”

जार्लथने टेबल खाली ठेवलं. तो पंचावन्नचा होता, पण आईसमोर उभा राहिला की हात कुठे ठेवायचे ते त्याला अजूनही सुचत नसे. “हे बघ आई, आत्ताच सांगून ठेवतो. त्याने जर या टेबलावरचं घेतलं, तर मी उठून गोठ्यात जाईन. लोकांदेखत. मागून म्हणू नकोस, बोलला नाहीस.”

“गोठ्यात जाऊन काय करशील? गाईंना उपदेश?”

“थट्टा नाहीये ही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला नको का? बाबा उभे राहिले. मी त्यांची पत्रकं वाटत सायकलवर फिरलो, पावसात. आणि हा? मनातून विरोध आहे म्हणतो आणि मत मात्र देणार. असलं अर्धं-अर्धं मला नाही जमत.”

“तुला जमत नाही ते दिसतंच आहे,” बर्नी म्हणाली. “पडदा पण अर्धाच लावलायस.”

जार्लथ पडद्याकडे गेला. अट्राक्टाने टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि तळहाताने सुरकुत्या काढत राहिली. जार्लथचं चुकतंय असं तिला म्हणता येत नव्हतं. मे महिन्यात मतदानाला शाळेत जाऊन तिनेही पेन्सिलीने ‘नाही’वरच फुली मारली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

*

गॉलवेहून निघालेली गाडी तळ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा समोरचं काहीच दिसेना. कोलमन इतका हळू चालवत होता की एक मेंढी गाडीशेजारून चालता चालता पुढे निघून गेली.

“मेंढीने ओव्हरटेक केलं तुला,” डर्व्हला म्हणाली. “पुढच्या निवडणुकीत हीच उभी राहील बहुतेक.”

“निवडून पण येईल. तिची मतं स्पष्ट असतील.”

डर्व्हला हसली. ती तिघा भावंडांत सगळ्यांत धाकटी, गॉलवेला शाळेत शिकवते, आणि भावाला बोलण्याचा तिचा हक्क वाडीत सगळ्यांना मान्य आहे. धुक्यात काटेरी झुडपं पुढे येत होती, जरा थांबत होती आणि मागे सरत होती. रस्ता लहानपणी होता तेवढाच अरुंद, पण आज तो कुठे पोचतच नव्हता. असंच तासन् तास जात राहावं, असं दोघांनाही वाटत होतं.

“काय ठरवलंस?” तिने विचारलं.

“मताचं ठरलंय. हो म्हणणार.”

“ते सगळ्या देशाला माहीत आहे. मी आईच्या टेबलाचं विचारतेय.”

कोलमनने गिअर बदलला. “डर्व्हला, मी अजूनही मानतो गं. सगळं. जीव पहिल्या दिवसापासून असतो, हे मी नुसतं तोंडाने म्हणत नाही. रोज रात्री प्रार्थनेला बसतो तेव्हाही मानतो.”

“मग मन एका खिशात आणि मत दुसऱ्या खिशात.”

“तसं म्हण.”

“आणि मी कुठल्या खिशात?”

कोलमनने समोरची काच पुसली. अकरा वर्षांपूर्वी याच रस्त्यावरून, अशाच धुक्यातून, तो तिला इंग्लंडच्या बोटीवर सोडायला निघाला होता. मग त्याला तिला एकटीला सोडवेना आणि तोही बोटीत चढला. डर्व्हलाच्या पोटातल्या बाळाच्या डोक्याची कवटी झालीच नव्हती. ते जगणार नाही हे तीन डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि इथे आपण काही करू शकत नाही हेही त्या तिघांनीच सांगितलं होतं. लिव्हरपूलहून परतल्यावर पंधरा दिवसांनी कुरियरवाल्याने बाळाच्या राखेची एक छोटी डबी आणून दिली, सही घेतली, आणि आज हवा बरी आहे म्हणाला. त्याच आठवड्यात कोलमन पक्षाच्या कचेरीत बापाच्या जुन्या फोटोखाली उभा राहून जीवरक्षणावर बोलला होता. चांगलं बोलला होता, टाळ्या पडल्या होत्या.

“मी तुझ्यामुळे हो म्हणतोय असं समजू नकोस,” तो शेवटी म्हणाला. “तुझ्यासारख्या ज्यांना सोबत करायला भाऊ नव्हता, त्यांच्यामुळे म्हणतोय. मला जे पाप वाटतं ते मला वाटू दे. पण माझं ओझं सगळ्यांच्या पाठीवर कसं बांधू? आणि तरी…”

“तरी काय?”

“तरी ते बाळ होतं ना गं.”

“होतं,” डर्व्हला म्हणाली. तिने काच खाली केली आणि धुकं आत येऊ दिलं. “होतं म्हणून तर डबी उघडली नाही मी. सरळ इकडे घेऊन आले.”

*

घर भरलं. कोटांचा ढीग जिन्याच्या कठड्यावर चढला. नोनी लव्हेल सगळ्यांच्या आधी येऊन चुलीजवळची खुर्ची धरून बसली होती आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

“आला का खासदार?” तिने कोलमनला हाक मारली. “वाळलास रे! टीव्हीवर गुबगुबीत दिसतोस.”

“टीव्ही जाड करतो, नोनीकाकू.”

“मग मला घेऊन चल एकदा तिकडे.”

जार्लथने भावाकडे पाहून मान हलवली. हात पुढे केला नाही. अट्राक्टाने मात्र कोलमनचे दोन्ही गाल धरले, त्याचा टाय सरळ केला आणि “जेवलास का काही?” असं विचारून उत्तर न ऐकताच ती भांड्यांच्या कोठीत गेली. डर्व्हला तिच्या मागोमाग गेली.

कोठीत सोडा ब्रेडच्या फोडी करायच्या होत्या. मायलेकी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर तळ्याकाठचं शेत असायला हवं होतं, पण तिथे नुसतं पांढरं होतं.

“त्या कोपऱ्यात आता दोन दगड आहेत,” आई म्हणाली. लोणी किती लागेल ते सांगावं तशा आवाजात.

डर्व्हलाच्या हातातली सुरी थांबली. तो कोपरा आमच्याकडे कुणी नांगरत नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना पूर्वी देवळाच्या जमिनीत जागा नसे. त्यांना तिथे ठेवायचे, अंधार पडल्यावर, न बोलता. आई आयुष्यात पहिल्यांदा बाळंत झाली ती एकसष्ट साली. मुलगी मेलेलीच जन्मली. तेव्हाच्या फादरांनी जागा द्यायला हात जोडून नकार दिला, म्हणून मॅलकी फळ्यांची छोटी पेटी काखेत घेऊन गेला होता. आईला तिचं तोंडही कुणी दाखवलं नव्हतं. एवढं डर्व्हलाला ठाऊक होतं, म्हणून तर तिने आपली डबी तिथेच, त्या मुलीच्या दगडाशेजारी पुरली होती. कोलमनने कुदळ मारली होती.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“दुसऱ्या दिवसापासून. माती नवी दिसली. मग मीच एक दगड आणून ठेवला.”

“अकरा वर्षं बोलली नाहीस?”

“तू तरी कुठे बोललीस? कुणाचं काय, ते मला विचारायचं नव्हतं. माझी मुलगी रडून आली होती, एवढं मला दिसत होतं.” आईने ब्रेडची फोड ताटात लावली. “जार्लथ दर वसंतात तिथलं गवत कापतो. दोन्ही दगडांभोवतीचं. हाताने कापतो, यंत्राने नाही.”

“जार्लथ?” डर्व्हलाने दारातून वळून पाहिलं. तिचा तो अडेलतट्टू भाऊ मेणबत्त्या लावत होता आणि जळकी काडी कुठे टाकावी म्हणून इकडेतिकडे बघत होता. तिला एकदम रडू आलं आणि रागही आला. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

*

फादर फेस्टस बैठकीच्या खोलीत मॅलकीच्या आरामखुर्चीत बसून पापनिवेदन ऐकत होते. खांद्यावर जांभळा पट्टा होता, पायांशी कुत्रा. कोलमन आत गेला आणि दार लावलं गेलं, तेव्हा स्वयंपाकघरातली सगळी कुजबुज एकदम हवापाण्यावर आली.

हे दोघे एका बाकावर शिकलेले. वेदीपाशी घंटी कुणी वाजवायची यावरून दोघांची मारामारी झाली होती आणि वेदीवरच्या उरलेल्या वाइनचा घोट दोघांनी मिळून चोरला होता. फेस्टसना ते आठवलं आणि त्यांनी पट्टा उगाच सारखा केला.

“पापनिवेदनाला आलायस की गप्पा मारायला?”

“ते तू ठरव,” कोलमन सोफ्याच्या हातावर टेकला. “जे पाप वाटत नाही त्याची क्षमा कशी मागू? आणि ते पुण्य आहे असंही माझ्याने म्हणवत नाही. फेस्टस, एके काळी मी छाती काढून सांगायचो, माझ्या घरात हे होऊ देणार नाही. मग एका पहाटे मीच गाडी काढली. कुणासाठी, ते विचारू नकोस.”

फेस्टसनी विचारलं नाही. कोठीत ब्रेड कापणारी डर्व्हला त्यांनी येताना पाहिली होती, आणि वाडीत वाढलेल्या माणसाला काही गोष्टी कुणी सांगाव्या लागत नाहीत.

“तेव्हापासून रोज देवाला विचारतो, मी काय केलं. तो काही बोलत नाही. आणि तिकडे मला बटण दाबायचंय, तेही माझ्यापुरतं नाही. जे देव मानतच नाहीत त्यांच्यासाठीसुद्धा.”

“आणि जो अजून जन्मला नाही त्याच्यासाठी कोण दाबणार?”

“तेच रे,” कोलमन म्हणाला. “तेच मला झोपू देत नाही.”

बाहेर कुणाच्यातरी हातून कप पडला आणि बर्नी म्हणाली, असू दे, जुनाच होता. फेस्टस कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिले. धर्मगुरूंच्या सेमिनरीत याचं उत्तर तीन वेगवेगळ्या प्रकारे शिकवलं होतं आणि त्यातलं एकही या खोलीत उपयोगाचं नव्हतं.

“मी तुला नाही म्हणणार नाही,” ते म्हणाले. “तू समोर आलास तर माझा हात मागे जाणार नाही. पण तू येऊ नकोस, कोलमन. बाहेर नोनी बसलीय. दुपारच्या आत बिशपांना कळेल.”

“घाबरतोस?”

“घाबरतो. तू नाही?”

दोघेही हसले, लहानपणी वाइन चोरल्यावर हसले होते तसे, आवाज न करता.

“नाहीतरी मी येणार नव्हतो,” कोलमन म्हणाला. “आईने एवढं एकच मागितलंय, आणि तेच मला देता येत नाही. तिच्या टेबलावर माझ्यामुळे तमाशा नको. माझी भाकर धरू नकोस. तिला मात्र काही बोलू नको.”

फेस्टस स्वयंपाकघरात आले तेव्हा अट्राक्टा जिन्यावर कुणाचातरी कोट ठेवत होती. टेबलापाशी जार्लथ होता. “किती?” फादरांनी हळूच विचारलं. जार्लथने कोलमनला सोडून आकडा सांगितला. तो नेमका फेस्टसच्या मनातलाच होता, म्हणून त्यांनी तेवढ्या चकत्या ताटलीत ठेवल्या. घरच्या बाईला कुणी विचारलं नाही. दोघांनाही वाटलं, आपण तिचा त्रास वाचवला.

*

मिस्सा सुरू झाला आणि धुकं खिडकीला टेकून उभं राहिलं. बायबलवाचन झालं, प्रार्थना झाल्या. मेणबत्त्या, ओल्या लोकरीचा वास, चुलीतल्या पीटची धग, आणि वर्षानुवर्षं तेच शब्द म्हणणारे तेच आवाज. अट्राक्टाच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर लांब लांब होत गेलं आणि त्यात गेलेली माणसंही येऊन उभी राहिली, तिची सासू, मॅलकीचे दोन भाऊ. मॅलकी कोपऱ्यात होता. त्याच्या काखेत ती पेटी होती. इतक्या वर्षांत त्याने ती कुठे ठेवलीच नव्हती जणू.

अर्पणाच्या वेळी तिने ताटलीकडे पाहिलं. तीस वर्षं ती देवळात फादरांच्या शेजारी उभी राहून ख्रिस्तप्रसाद वाटत आली होती. आज घरात शिरलेलं प्रत्येक माणूस तिने मनात धरलं होतं, बाई घरात माणसं मोजतेच. ताटलीत एक चकती कमी होती.

तिने जार्लथकडे पाहिलं. तो मागच्या दारापाशी होता, कडीवर हात, गोठ्यात जायच्या तयारीत. त्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, कोलमन. एकाला जायचं होतं आणि दुसऱ्याला यायचं नव्हतं, आणि दोघेही नेमके त्याच दाराशी येऊन थांबले होते. तिला सगळं कळलं. तिला एवढा राग आला की प्रार्थनेचे शब्द ती विसरली.

लोक ओळीने पुढे येऊ लागले. नोनी आली, बर्नी आली, शेजारचे आले. डर्व्हला आली. तिने मागे कोलमनकडे पाहिलं, मग हात पुढे केला. जार्लथही आला, घेतलं, परत कडीपाशी जाऊन उभा राहिला. कोलमन हलला नाही. ताटली रिकामी होत चाललेली त्याला तिथूनही दिसत होती.

घरची बाई शेवटी. फादरांनी उरलेली एकच चकती उचलली. “ख्रिस्तशरीर.”

“आमेन,” अट्राक्टा म्हणाली. तिने ती तळहातावर घेतली आणि तोंडात घातली नाही. दोन बोटांनी तिचे दोन तुकडे केले. इतक्या शांततेत तो एवढासा आवाजही ऐकू आला. देवळात चकत्या कमी पडल्या की आम्ही असंच मोडून पुरवतो, त्यात नवीन काही नाही. अर्धी तिने खाल्ली. अर्धी हातात धरून ती वळली.

“काकू…” फेस्टस म्हणाले. एवढंच. मग त्यांनी टेबलाकडे तोंड केलं आणि प्याला पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता, तरी ते पुसतच राहिले.

टेबल ते मागचं दार, अंतर फारसं नाही. पण लोकांना बाजूला व्हायला वेळ लागला. तिला वाटलं, आपण पाण्यातून चाललो आहोत, आणि कोपऱ्यातला मॅलकीही आपल्याबरोबर चालतो आहे. ती दोन्ही मुलांसमोर येऊन थांबली.

“आई, नको,” कोलमन पुटपुटला. “मी बुधवारी हो म्हणणार आहे.”

“म्हण. मी मे महिन्यात नाही म्हटलं. अजून नाहीच म्हणते. हात पुढे कर.”

“लोक बघतायत. तुला कळत नाहीये, उद्या…”

“मला एवढंच कळतं,” ती म्हणाली, आणि आता ती कुजबुजत नव्हती, “की माझी मुलं किती, ते मी सांगायचं असतं. एकदा दुसऱ्यांनी सांगितलं. मी वरच्या खोलीत पलंगावर पडून होते आणि खालचं दार लावल्याचा आवाज ऐकला. आज मी उभी आहे.” तिने अर्धी चकती पुढे धरली. “ख्रिस्तशरीर.”

जार्लथचा हात कडीवर होता. कडी हलली नाही.

कोलमनने दोन्ही हात पुढे केले, एकावर एक, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी तिनेच शिकवलं होतं तसे. त्याचं ‘आमेन’ इतकं हळू होतं की ते फक्त जार्लथला ऐकू आलं.

*

नंतर ज्या टेबलावर मिस्सा झाला त्याच टेबलावर फादरांची न्याहारी झाली. पांढरं कापड निघालं, फुलाफुलांचं आलं. दोन अंडी, सॉसेज, सोडा ब्रेड, आणि त्यांच्यासाठीच ठेवणीतला कप. सगळे एकदम बोलत होते, कुणाच्याही तोंडी ती गोष्ट नव्हती. डर्व्हला आईच्या खुर्चीमागे उभी राहून तिच्या खांद्यावरून हात काढत नव्हती.

“काय गं नोनीकाकू,” बर्नीने न राहवून विचारलं, “तू तर समोरच होतीस.”

“मला कुठे काय दिसतंय,” नोनी म्हणाली. “चष्मा घरी राहिला.” आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ती उठली, शहराच्या बसची वेळ झाली म्हणाली. फादर फेस्टस अंड्यावर मीठ घालत राहिले.

कोलमन मागच्या अंगणात येऊन उभा होता. तोंडातली चव गेली होती, पण जीभ अजून ती शोधत होती. त्याला हलकं वाटत नव्हतं. बुधवारी तो जे करणार होता ते आता जास्त जड झालं होतं, कारण आता ते फक्त त्याचं राहिलं नव्हतं. जार्लथ बादली घेऊन गोठ्याकडे निघाला होता. तो रंगवलेल्या दारापाशी थांबला.

“मला हे पटलेलं नाही,” तो म्हणाला. “आईने केलं तेही नाही, आणि तू करणार आहेस ते तर मुळीच नाही.”

“माहीत आहे.”

“मरेपर्यंत पटणार नाही.”

“माहीत आहे रे.” कोलमन अंगण ओलांडून त्याच्यापाशी आला. “त्या दगडांभोवतीचं गवत तू कापतोस, डर्व्हला सांगत होती.”

“गवत वाढतं, कुणीतरी कापायला नको?” जार्लथने बादली या हातातून त्या हातात घेतली. शेताच्या कोपऱ्याकडे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही. “बुधवारी ते टीव्हीवर दाखवतात का?”

“दाखवतात. दुपारी.”

“आई बघणारच. मी नाही बघणार. मी गोठ्यात असेन.”

“बरं.”

जार्लथने दार ढकललं. रंग अजून ओला होता, त्याच्या तळव्याला लागला. त्याने तो विजारीला पुसला आणि आत जाता जाता, मागे न वळता म्हणाला,

“आवाज मोठा ठेवायला सांगेन तिला.”